नारंगाच्या वाटेने : अथेन्सपासून हॅम्बुर्गपर्यंत

संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द मूळचा द्राविड भाषांतला असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तो फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ होऊन फळाच्या सोबतीने पश्चिमेकडे गेला आणि युरोपात पोचल्यावर त्याला इतक्या फांद्या फुटल्या की त्या सगळ्या एकाच झाडाच्या आहेत हे सांगितल्याशिवाय कळू नये. मराठीत तो आज मुख्यतः ‘नारिंगी’ या रंगापुरता उरला आहे. फळाला आपण संत्रे किंवा मोसंबी म्हणतो. मी अमरावतीला महाविद्यालयात मराठी शिकवले, पत्नीने वनस्पतिशास्त्र शिकवले आणि तिचे माहेर वरुडचे, म्हणजे संत्र्याच्या बागांतले. त्यामुळे निवृत्तीनंतर युरोप पाहायचा तर या एका शब्दाचा माग काढत पाहायचा, हे आमच्यात फारशी चर्चा न होता ठरले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. नागपुरी संत्रे हे सैल सालीच्या मँडरिन गटातले आहे. युरोपात ज्याला ‘ऑरेंज’ म्हणतात ते घट्ट सालीचे गोड फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या मोसंबीच्याच जातीचे आहे, फक्त थंड रात्रींमुळे त्याची साल गडद रंगावर येते. तिसरी जात कडू. अरबांनी साधारण हजार वर्षांपूर्वी सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेली ती ही कडू जात. गोड फळ युरोपात रुजले ते पंधराव्या-सोळाव्या शतकात. पुढची सारी गुंतागुंत या पाचशे वर्षांच्या अंतरामुळे झाली आहे, कारण नवे फळ आले तेव्हा प्रत्येक भाषेला ठरवावे लागले की जुनेच नाव त्याला द्यायचे की नवे शोधायचे.

अथेन्स, मार्चअखेर

संध्याकाळी प्लाका भागातल्या अरुंद गल्लीतून सामान ओढत निघालो तेव्हा आधी वास आला आणि झाडे नंतर दिसली. पदपथाच्या कडेने ओळीने लावलेली गर्द हिरवी झाडे, त्यांवर जाड पाकळ्यांची पांढरी फुले आणि त्याच फांद्यांवर मागच्या हंगामातली फळेही लोंबत होती. पत्नीने एक पान तोडून दिव्याखाली धरले. देठाला दोन्ही बाजूंनी पानाचाच रुंद पंख फुटलेला होता, जणू मोठ्या पानाच्या बुडाशी एक छोटे पान जोडलेले असावे. गोड जातीत हा पंख अगदी अरुंद असतो. “ही कडू जात आहे, खायला जाऊ नका,” असे तिने तिथेच सांगितले.

आमच्या मुक्कामाची मालकीण सत्तरीची असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काचेच्या लहान बशीत पाकातली एक गुंडाळी, चमचा आणि थंड पाण्याचा पेला पुढे ठेवला. हे ग्रीकांचे ‘चमच्याचे गोड’. कडू फळाची साल वरवर किसून, उकळून, ते पाणी फेकून देऊन, पुन्हा उकळून तिचा कडवटपणा उतरवतात, मग सालीच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्यात माळेसारख्या ओवतात आणि पाकात मुरू देतात. चवीला ते आपल्या मोरावळ्याच्या जवळचे, म्हणजे आधी गोड लागते आणि घोट पाणी प्यायल्यावर मागून कडसर चव येते. मी त्याला ‘पोर्तोकाली’ म्हणालो तेव्हा बाईंनी मान ठामपणे हलवली आणि फ्रिजमधून एक गोड फळ आणून बशीच्या शेजारी ठेवले. हे पोर्तोकाली, बशीतले ते नेरांत्झी. या दोन शब्दांची अदलाबदल तिथे कोणी करत नाही.

‘नेरांत्झी’ म्हणजे आपलाच नारंग. ग्रीक भाषेत तो आधी आला, कडू फळाबरोबर आला आणि कडू फळापाशीच थांबला. गोड फळ पुढे पश्चिमेकडून, पोर्तुगिजांचे म्हणून व्यापाऱ्यांच्या हातून आले, त्यामुळे त्याचे नावच ‘पोर्तुगाल’ पडले. हीच विभागणी पूर्वेकडे दूरवर दिसते. तुर्कीत ‘पोर्ताकाल’, बल्गेरियनमध्ये ‘पोर्तोकाल’, रोमानियनमध्ये ‘पोर्तोकाला’, अरबीत ‘बुर्तुकाल’. इराणमध्येही आज ‘नारंज’ म्हणजे कडू आणि ‘पोर्तेगाल’ म्हणजे गोड. ज्या फारसीने हा शब्द पश्चिमेला पोचवला, तिच्यातही गोड फळाला मागाहून पोर्तुगालचे नाव चिकटले, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. रस्त्यावरची फळे दिसायला कितीही रसरशीत असली तरी ती कडू आणि वाहनांच्या धुरात वाढलेली असतात. मोर्च्यांच्या वेळी आंदोलक ती पोलिसांवर फेकतात, एवढाच त्यांचा सार्वजनिक उपयोग आम्हाला सांगण्यात आला. आणि ‘पोर्तोकालोपिता’ हा ओला केक चुकवू नये. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचे तुकडे, दही आणि संत्र्याचा पाक यांचा तो असतो. त्यात अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

नापोली, ईस्टरचा आठवडा

नापोलीत, म्हणजे नेपल्समध्ये थांबलो ते मुख्यतः सिसिली बेटावरच्या पालेर्मोची रात्रीची बोट पकडण्यासाठी. पण शहर ईस्टरच्या तयारीत होते आणि प्रत्येक बेकरीच्या दारात ‘पास्तिएरा’चा वास होता. शिजवलेला गहू, रिकोत्ता चीज आणि नारंगाच्या फुलांचे अर्कपाणी घालून केलेला हा गोड पदार्थ तिथे ईस्टरला घरोघरी होतो. बाजारात पाटीवर प्रमाण इटालियनमध्ये ‘अरांचे’ लिहिलेले होते, पण म्हातारा विक्रेता गिऱ्हाइकाशी बोलताना ‘पुर्तुआल्लो’ म्हणत होता. म्हणजे पोर्तुगालच्या नावाचा पट्टा ग्रीसमध्ये संपत नाही, तो समुद्र ओलांडून दक्षिण इटलीच्या बोलींत शिरला आहे. रेल्वेने किंवा बसने फिरताना देशांच्या सीमा कळतात, शब्दांच्या सीमा मात्र असे बाजारात उभे राहिल्यावरच कळतात.

पालेर्मो

बोट पहाटे पालेर्मोच्या बंदराला लागते तेव्हा समोर डोंगरांचा अर्धगोल दिसतो. त्या डोंगरांच्या आणि समुद्राच्या मधल्या सपाटीला ‘कोंका दोरो’, म्हणजे सोन्याचा कटोरा म्हणतात. लिंबू आणि नारंगाच्या बागांमुळे मिळालेले हे नाव आहे. दुपारी आम्ही मोन्रेआलेच्या बाराव्या शतकातल्या चर्चमधली सोनेरी मोझेक चित्रे पाहिली आणि बाहेरच्या कठड्यावरून खाली पाहिले, तर सोन्याच्या कटोऱ्यात बहुतेक जागी सिमेंटच्या इमारती होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत माफिया आणि बांधकाम ठेकेदारांनी मिळून या बागा उजाड केल्या. वरुडकडे पाणी आटल्यामुळे तोडलेल्या बागा पत्नीने पाहिल्या आहेत. ती त्या कठड्यापाशी बराच वेळ काही बोलली नाही.

सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती. पाण्याच्या चाऱ्या, ऊस, लिंबू, नारंग हे सगळे त्यांनी इथे आणले. ‘नारंज’पासून इटालियन ‘नारांचा’ झाला आणि मग आरंभीचा ‘न’ गळाला, कारण ‘ऊना नारांचा’ म्हणताना ‘ऊना’तला शेवटचा ‘ना’ आणि शब्दातला पहिला ‘ना’ एकमेकांत मिसळून गेले. अशा रीतीने ‘अरांचा’ उरला. व्हेनिसच्या बोलीत मात्र ‘नारांत्सा’ असा ‘न’ अजून शिल्लक आहे. फ्रेंच ‘ओरांझ’ आणि इंग्रजी ‘ऑरेंज’ या शब्दांतही तो ‘न’ नाही, आणि फ्रेंचमध्ये अरांचाच्या ‘अ’चा ‘ओ’ होण्यामागे सोन्याच्या ‘ऑर’ या शब्दाचा प्रभाव असावा, असे मानतात.

बाल्लारो बाजारात तळणीच्या दुकानासमोर आम्ही ‘अरांचिना’ खाल्ली. केशर घातलेल्या भाताचा गोळा करून, आत सारण भरून, वर ब्रेडचा चुरा लावून तळलेला हा पदार्थ आकाराने आणि रंगाने नारंगासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘छोटे नारंग’ म्हणतात. पण कॅटानियाच्या बाजूला त्याच पदार्थाला ‘अरांचिनो’ म्हणतात आणि तिथे तो टोकदार असतो. हा लिंगाचा वाद सिसिलीत इतका जिव्हाळ्याचा आहे की २०१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या ‘अकादेमिया देल्ला क्रुस्का’ या भाषासंस्थेला त्यावर आपले मत द्यावे लागले. प्रमाण इटालियनमध्ये फळ स्त्रीलिंगी आणि झाड पुल्लिंगी असते, त्यामुळे ‘अरांचिना’. सिसिलीच्या बोलीत मात्र फळच पुल्लिंगी, ‘अरांचु’, त्यामुळे ‘अरांचिनो’. दोन्ही रूपे योग्यच, असा निर्णय झाला. आमच्या दुकानदाराला तो निर्णय माहीत होता आणि मान्य नव्हता. पालेर्मोत ‘अरांचिनो’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण आधी शब्द शिकवतो आणि मग पदार्थ देतो, असे त्याने आम्हाला अतिशय गंभीरपणे सांगितले.

शाकाहाऱ्यांनी इथे सांभाळावे. ‘लोण्याची’ म्हणून जी अरांचिना मिळते तिच्यातही बहुधा हॅमचे तुकडे असतात; पालकाची मागावी. एट्ना ज्वालामुखीच्या उतारावर पिकणारी लाल गराची फळे एप्रिलपर्यंत मिळतात. दिवसा ऊन आणि रात्री थंडी पडल्यामुळे त्यांच्या गरात तो लाल रंग उतरतो. त्यांच्या चकत्या, बडीशेपेच्या जातीचा कोवळा कंद, काळी ऑलिव्ह, तेल आणि मिरपूड एवढ्यावर केलेली कोशिंबीर आम्ही तिथल्या मुक्कामात रोज खाल्ली.

सेव्हिल

सेव्हिलला जाण्यासाठी आम्ही ईस्टरची मिरवणूक आणि नंतरची वसंतजत्रा यांच्या मधले दिवस निवडले. हे कोणीही करावे असे आवर्जून सांगेन, कारण त्या दोन्ही वेळी हॉटेलांचे दर अवाच्या सवा चढतात. या शहराच्या रस्त्यांवर कडू नारंगाची ४०,००० हून अधिक झाडे आहेत. फळे हिवाळ्यात उतरवतात आणि त्यांतला मोठा वाटा ब्रिटनला मार्मलेडसाठी जातो. फुलांचा बहर ओसरत आला होता, तरी सकाळी रस्ते धुतल्यावर ओल्या फरशीवर पांढऱ्या पाकळ्या चिकटून राहत.

स्पॅनिशमध्ये फळ ‘नारांहा’. अरबी ‘नारंज’ इथे जवळजवळ जसाच्या तसा टिकला आहे आणि ‘न’सुद्धा जागेवर आहे. फुलाला मात्र वेगळा शब्द आहे, ‘आसाआर’, आणि तो अरबीतल्या ‘फूल’ या सामान्य शब्दावरून आला आहे. म्हणजे सेव्हिलमध्ये नुसते ‘फूल’ म्हटले की ते नारंगाचेच, इतका या झाडाचा मान. मुख्य चर्चला लागून ‘नारंगांचे आवार’ आहे. बाराव्या शतकात बांधलेल्या मशिदीचे ते अंगण, आणि शेजारचा हिराल्दा मनोरा तिचा मिनार. फरशीत खोदलेल्या अरुंद चाऱ्या एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी नेतात. माळी एका चारीतले लाकडी फळकूट उचलून पाणी वळवत होता. पत्नीने त्याला खुणेनेच विचारले आणि त्याने खुणेनेच कोणत्या ओळीला कधी पाणी ते समजावून सांगितले. बागाइतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ते समजायला भाषा लागली नाही.

गोड फळ आले तेव्हा स्पॅनिशने नवे नाव घेतले नाही. गोडही ‘नारांहा’ आणि कडूही ‘नारांहा’. वेगळेपण सांगायचे असेल तेव्हाच पुढे ‘आमार्गा’, म्हणजे कडू, असे जोडतात. ग्रीकांनी दोन फळांना दोन शब्द ठेवले, स्पॅनिशांनी एकच शब्द ताणून दोन्हींवर घातला. आणि तो माणसांपर्यंतही पोचला आहे. आपल्या जोडीदाराला स्पॅनिश माणूस ‘मेदिया नारांहा’, म्हणजे अर्धे नारंग म्हणतो. सांता पाउला मठात नन कडू फळाचे मार्मलेड करून विकतात. तिथे रांगेत आमच्या पुढे एक वयस्क जोडपे होते. आजींनी बरणी पिशवीत टाकत नवऱ्याकडे बोट दाखवून आमच्याशी मोडक्या इंग्रजीत ओळख करून दिली ती याच शब्दांनी.

हिराल्दाचे तिकीट चर्चच्या तिकिटातच असते आणि ते आधी काढून ठेवावे. मनोऱ्यात अगदी शेवटच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर चढणीचा उतार आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनीही घाबरू नये.

लिस्बन

सेव्हिलहून लिस्बनला थेट रेल्वे नाही; बसने गेलो. सीमा ओलांडल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मला या प्रवासात सर्वांत जास्त ओढ होती ती लिस्बनची, कारण अथेन्सपासून ज्या देशाचे नाव फळाला चिकटलेले ऐकत आलो तो देश स्वतः त्या फळाला काय म्हणतो, हे त्याच्याच बाजारात ऐकायचे होते. मार्तिम मोनिजजवळच्या फळवाल्याकडे आल्गार्व्हची, म्हणजे दक्षिण पोर्तुगालची फळे रचलेली होती. तो म्हणाला, ‘लारांझा’. अरबी ‘नारंज’च्या दोन ‘न’कारांपैकी पहिल्याचा पोर्तुगीज जिभेने ‘ल’ केला, बाकी शब्द तोच. म्हणजे कैरोपासून बुखारेस्टपर्यंत सगळे ज्याला ‘पोर्तुगाल’ म्हणतात त्याला पोर्तुगीज माणूस भारतातून निघालेल्या नावाने ओळखतो. गोड फळ नवे होते तेव्हा त्याला ‘चीनचे लारांझा’ म्हणत. पुढे तेच नेहमीचे झाले आणि चीन गळून पडला. मी फळवाल्याला ग्रीक नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून ऐकवले. त्या दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

फळाला त्याच्या उगमाचे नाव मिळते असे आपण धरून चालतो. या वाटेवर मला दिसले ते निराळे. फळाला नाव मिळते ते ज्याच्या हातून ते विकत घेतले त्याचे, मग तो हात हजारो मैलांच्या प्रवासातला शेवटचा का असेना. आणि हे आपल्या घरातही घडले आहे. मोसंबी हा शब्द मोझांबिकवरून आला; ती पोर्तुगिजांची आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची वसाहत होती. त्याच किनाऱ्यावर, मोंबासाला, १४९८ मध्ये तिथल्या राजाने वास्को द गामाच्या जहाजावर मेंढी, लिंबे, ऊस आणि नारंगे पाठवली होती. ग्रीकांनी त्या फळाला पोर्तुगाल म्हटले, आपण मोझांबिक म्हटले, आणि खुद्द पोर्तुगिजांनी आपले ‘नारंग’ ठेवले.

त्या रात्री एका लहान गोवेकर खाणावळीत जेवलो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई मुलाबरोबर बसल्या होत्या. आमचे बोलणे ऐकून त्यांनी “तुमी खंयचे?” असे कोंकणीत विचारले आणि मग त्यांची कोंकणी, आमची मराठी असे छान जमले. त्यांचे कुटुंब बार्देशचे. वडील नोकरीसाठी मोझांबिकला गेले, त्या तिथेच वाढल्या आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर अनेक गोवेकरांसारख्या लिस्बनला आल्या. ‘मोसंबी’ म्हणजे मोझांबिकचे फळ, हे मी सांगितले तेव्हा त्या काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग मुलाला पोर्तुगीजमध्ये घाईघाईने काहीतरी सांगू लागल्या. “आपल्याच वाटेने आलेले फळ ते,” असे त्यांनी मला नंतर सांगितले. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी पत्नीचा हात धरून “सुखरूप वचात, माय,” असा निरोप दिला.

बार्देशातल्याच आसगावचे सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो हे पाद्री आणि भाषापंडित याच शहरात संस्कृत शिकवत आणि १९२२ मध्ये इथेच वारले. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचे त्यांचे मोठे काम १९१३ चे आहे. पाव, बटाटा, पगार, चावी असे शब्द आपण रोज वापरतो, तेव्हा त्यांची वंशावळ मांडणारा हा माणूस महाराष्ट्रात जवळजवळ अपरिचित राहावा, याची खंत वाटते.

ओरांझ, दक्षिण फ्रान्स

आव्हिन्योंहून पाव तासात गाडी ओरांझ नावाच्या गावात पोचते. या गावाच्या नावाचा फळाशी काही संबंध नाही. रोमनांनी इ.स.पूर्व ३५ मध्ये वसवलेल्या वसाहतीचे नाव ‘अराउसिओ’ होते आणि ते एका केल्टिक जलदेवतेचे होते. शतकांच्या उच्चारात घासून त्याचे जे रूप झाले ते फ्रेंचमधल्या फळाच्या नावाशी तंतोतंत जुळले. दोन वेगवेगळ्या मुळांचे शब्द एकाच रूपात येऊन मिळाले, आणि या योगायोगाने पुढे एका राष्ट्राचा रंग ठरवला.

रोमन नाट्यगृहाची मागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच, अजून पूर्ण उभी आहे. दुपारी मिस्त्राल वारा सुटला तेव्हा वरच्या पायऱ्यांवर उभे राहणे अशक्य झाले. एप्रिलमध्येही जाड कपडे बरोबर ठेवावेत. गुरुवारी गावात आठवडी बाजार भरतो. तिथल्या फळवाल्या बाईला मी गावाच्या नावाविषयी विचारले, तर तिने पेटीतले एक फळ उचलून दाखवले आणि “हे स्पेनचे, आम्ही इथलेच,” एवढे सांगून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. या बाबतीत मला याहून नेमके उत्तर कुठल्या ग्रंथात मिळाले नसते.

१५४४ मध्ये इथल्या संस्थानाचा राजपुत्र निपुत्रिक वारला आणि संस्थान त्याच्या नात्यातल्या अकरा वर्षांच्या नासाऊच्या विल्यमकडे गेले. हाच विल्यम पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता झाला. १७१३ च्या उट्रेख्ट तहाने गाव फ्रान्सकडे गेले, पण ‘ओरान्ये’ हे घराण्याचे नाव आणि त्यासोबतचा रंग डचांकडेच राहिला.

आम्स्टरडॅम, २७ एप्रिल

हा डच राजाचा वाढदिवस. आम्ही पोचलो तेव्हा माणसे, होड्या, कुत्र्यांच्या गळ्यातल्या फिती, सगळे शहर नारिंगी होते. त्या दिवशी कोणीही रस्त्यावर चादर पसरून जुने सामान विकू शकतो. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आपली खेळणी विकत होती आणि मधूनमधून व्हायोलिन वाजवत होती. बेकऱ्यांत ‘टोम्पूस’ नावाची साय भरलेली वडी एरवी गुलाबी गिलाव्याची असते, ती या दिवसांत नारिंगी करतात. ट्राम शहराच्या मध्यभागी जात नाहीत आणि स्थानकात प्रचंड गर्दी असते, तेव्हा राहण्याची सोय बाहेरच्या भागात करावी आणि चालण्याची तयारी ठेवावी. २७ तारखेला रविवार असेल तर उत्सव आदल्या दिवशी होतो.

डच भाषेत ‘ओरान्ये’ म्हणजे रंग, राजघराणे, फुटबॉलचा संघ. फळ मात्र नव्हे. फळाला ‘सिनासापेल’ म्हणतात, म्हणजे चीनचे सफरचंद. पाच शतके ज्या शब्दाभोवती राष्ट्र उभे राहिले तो शब्द बाजारात फळाच्या ढिगावर लिहिलेला दिसत नाही. दुकानात दोन ढीग होते, एकावर ‘पिळायची सिनासापेल’ आणि दुसऱ्यावर ‘हाताची सिनासापेल’, म्हणजे सोलून खायची. रस काढायला पातळ सालीची लहान फळे लागतात, हे कोणी न सांगता त्या पाट्यांवरून कळले.

हाच रंग विल्यमच्या वंशजाबरोबर इंग्लंडला आणि तिथून आयर्लंडला गेला. आयर्लंडच्या झेंड्यातला तिसरा पट्टा तोच आहे आणि तो तिथल्या प्रोटेस्टंट समाजाचा निदर्शक आहे. ज्या शब्दाचा अर्थ नापोलीत फळ आणि आम्स्टरडॅममध्ये राजा होता, तो बेलफास्टमध्ये धर्मपंथ झाला.

हॅम्बुर्ग, रविवार

एल्बे नदीच्या काठावरचा मासळीबाजार उन्हाळ्याच्या वेळापत्रकात रविवारी पहाटे पाचला सुरू होतो. नाव मासळीचे असले तरी तिथे सर्वांत मोठा आवाज फळवाल्यांचा असतो. ते ट्रकच्या पाठीवर उभे राहून टोपल्या भरतात आणि भाव ओरडत एकेक फळ वरून टाकत जातात. आमच्यासमोरचा म्हातारा विक्रेता ‘आप्फेल्झिने’ असे ओरडत होता. हा डच शब्दाचाच भाऊ, चीनचे सफरचंद, हॉलंडच्या बंदरांतून हॅम्बुर्गला आलेला. इथून तो समुद्रमार्गे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि रशियापर्यंत गेला आणि रशियन माणूसही ‘आपेल्सिन’ म्हणतो. पाटीवर मात्र ‘ओरांजेन’ छापलेले होते. दक्षिण जर्मनीत हाच शब्द चालतो आणि आता दुकानांच्या छापील पाट्यांमुळे तो उत्तरेतही पसरतो आहे. म्हाताऱ्याला मी पाटीकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा त्याने पाटी कंपनीची आहे आणि तोंड आपले आहे, असे सांगितले.

त्याच्या मदतीला असलेला तरुण पोलंडचा होता. त्याच्या भाषेत हेच फळ ‘पोमारान्चा’. इटालियनमधल्या ‘सफरचंद’ आणि ‘अरांचा’ या दोन शब्दांचा हा जोड आहे. चेक, स्लोवाक आणि स्लोवेन भाषांतही गोड फळाला तोच चालतो. जर्मनमध्ये ‘पोमेरान्त्से’ म्हणजे मात्र कडू फळ. मी हे दोघांना विचारले तेव्हा म्हाताऱ्याने पोमेरान्त्से ऐकून तोंड वेडेवाकडे केले, आपल्या आईच्या नाताळच्या केकमधली पाकवलेली साल आठवली म्हणाला, आणि तो पोलिश मुलगा आश्चर्याने ऐकत राहिला, कारण वर्षभर एकत्र काम करूनही हा फरक त्यांच्यात कधी निघाला नव्हता. ते बोलत असताना पत्नीने रिकाम्या खोक्यांवरचे लेबल वाचले. फळे स्पेनमधल्या वॅलेन्सियाची होती आणि त्यावर तिथल्या भाषेत ‘तारोंजेस’ असे लिहिलेले होते.

बाजार साडेनऊला बंद होतो. शेवटच्या अर्ध्या तासात टोपल्यांचा भाव निम्म्याने उतरतो, तेव्हा घाई करू नये. फक्त तळाची फळे दाबून पाहावीत.